मगाहिंगा : डोंगर, गोरिला आणि घर गमावलेली माणसे

आमच्या धाकट्या भावाचा मुलगा युगांडा देशात, कंपाला शहरात हिशेबाचे काम करतो. तीन वर्षे तो फोनवर एकच धोशा लावून होता, "काका-काकी, एकदा या. माझी नोकरी इथे आहे तोवर या." शेवटी निवृत्तीच्या पैशातून तिकिटे काढली. पिवळ्या तापाची लस टोचून घेतली. या लसीचा दाखला नसेल तर युगांडात प्रवेश मिळत नाही आणि परत येताना आपल्याच विमानतळावर अडवतात, हे जाणाऱ्याने लक्षात ठेवावे. सौ.ने चटणी-लोणच्याच्या बरण्या बांधल्या आणि आम्ही निघालो.

पुतण्याने विचारले, "काका, काय बघायचे? सिंह, हत्ती, की डोंगर?" मी म्हणालो, "डोंगर दाखव. आणि जमले तर गोरिला." त्याने हळूच हिशेब सांगितला. रानात जाऊन गोरिला पाहण्याच्या परवान्याला परदेशी माणसाकडून आठशे डॉलर घेतात, म्हणजे आपले सत्तर हजार रुपयांच्या आसपास, तेही एका माणसाला आणि एका तासासाठी! सौ. म्हणाली, "एवढ्यात पोरीच्या मुलाची दोन वर्षांची फी होईल." विषय तिथेच मिटला. गोरिलाशिवाय जायचे ठरले, आणि वाचकहो, त्यामुळे जे पाहायला मिळाले तेच आज आपणांस सांगायचे आहे.

दातांचा म्हातारा आणि वाटाड्या

मगाहिंगा हे युगांडातले सर्वांत लहान राष्ट्रीय उद्यान. क्षेत्रफळ अवघे ३३.७ चौरस किलोमीटर, आपल्या बोरिवलीच्या राष्ट्रीय उद्यानाच्या एक तृतीयांश. कंपालाहून मसाका, म्बरारा, कबाले अशी गावे घेत मोटार दिवसभर चालते. मसाक्याच्या अलीकडे विषुववृत्त ओलांडले जाते. शाळेत नकाशावर पाहिलेली ती रेघ पायाखाली आली म्हणून सौ.ने तिथे उभे राहून फोटो काढून घेतला.

कबालेनंतर रस्ता घाटाने चढू लागतो. एका वळणावर पुतण्याने गाडी थांबवली. समोर तीन डोंगर एका ओळीत उभे होते. हे तिन्ही विझलेले ज्वालामुखी आहेत. मुहाबुरा ४,१२७ मीटर, गाहिंगा ३,४७४ मीटर आणि सब्यिन्यो सुमारे ३,६५० मीटर. आपले कळसूबाई १,६४६ मीटर आहे. मगाहिंगाच्या फाटकाशी पोहोचलो तेव्हाच आम्ही त्याहून उंच आलो होतो. आफ्रिकेत नुसते ऊन असते या समजुतीने मी स्वेटर घेतला नव्हता. सौ.ची शाल गुंडाळून फिरावे लागले.

नावांचे अर्थ मोठे गोड आहेत. मुहाबुरा म्हणजे वाटाड्या, कारण तो दुरून दिसतो आणि दिशा सांगतो. सब्यिन्योचा माथा झिजून त्याचे सुळके झाले आहेत, म्हणून त्याचे नाव दातांचा म्हातारा. याच म्हाताऱ्याच्या माथ्यावर युगांडा, रवांडा आणि कांगो या तीन देशांच्या सीमा मिळतात. आणि गाहिंगा म्हणजे दगडांची लहान रास. शेत नांगरण्याआधी ज्वालामुखीचे काळे दगड वेचून बांधावर रचून ठेवतात, त्या राशीला तिथे हा शब्द आहे. ज्याने शेतातले दगड वेचले आहेत, त्याला हे नाव लगेच कळेल.

पायथ्याचे गाव किसोरो. तिथून उद्यानाचे फाटक चौदा किलोमीटरच्या आसपास. सारा डोंगरउतार शेतांनी भरलेला. बटाटा, घेवडा, ज्वारी. होय, ज्वारी! पण तिची भाकरी करत नाहीत, पेज आणि दारू करतात. शेते संपली की काळ्या दगडांची लांबच लांब भिंत लागते. जंगलातल्या रानरेड्यांनी पिके तुडवू नयेत म्हणून ती बांधली आहे. भिंतीच्या अलीकडे माणसाचे राज्य, पलीकडे जनावरांचे.

जंगलात काय आहे

भिंत ओलांडली की आधी झुडपे, मग बांबूचे रान. या बांबूत सोनेरी माकडे राहतात. पाठ सोन्यासारखी, बाकी अंग काळे. विरुंगा डोंगररांगेतले आणि त्याच्या जवळपासचे एखादे रान सोडले तर जगात ती कुठेच नाहीत. कोवळा बांबू हे त्यांचे आवडते खाणे. आणखी वर, थंडीच्या पट्ट्यात, लोबेलिया नावाची झाडे माणसापेक्षा उंच वाढतात. हत्ती, रानरेडे, लहान हरणे आहेत, पण दाट झाडीमुळे दिसतात कमी. त्यांची लीद आणि पायाचे ठसे आम्ही पाहिले.

आणि गोरिला. मगाहिंगात माणसांना सरावलेला एकच कळप आहे. त्याला न्याकागेझी म्हणतात. पूर्वी हा कळप मनाला येईल तसा डोंगर ओलांडून रवांडात जाई. त्याला कसला पासपोर्ट! पर्वतीय गोरिला हा शांत, पाला खाणारा प्राणी. रोज संध्याकाळी फांद्या-पानांचे नवे अंथरूण करतो. माणसाची सर्दी त्याच्या जिवावर बेतू शकते, म्हणून शिंकणाऱ्या माणसाला परवाना असला तरी आत सोडत नाहीत. एका दिवशी एका कळपाला आठच माणसे, तीही एक तास.

या कडक नियमांचे फळ मिळाले आहे. विरुंगा डोंगरांत १९८१ साली जेमतेम अडीचशे गोरिला उरले होते. २०१५-१६च्या गणनेत ते ६०४ भरले. शेजारच्या ब्विंडीच्या रानातले धरून एकूण एक हजाराच्या वर. २०१८ साली तज्ज्ञांनी त्यांना 'अतिसंकटग्रस्त' यादीतून काढून एक पायरी खाली आणले. जगात जनावरे कमी होत असताना ही वाढली, ही लहान गोष्ट नव्हे. तिचे श्रेय ज्यांना आहे त्यांना द्यावेच लागेल.

पण या फळाची किंमत कोणी मोजली?

वाट दाखवणारे घरमालक

गोरिलाचा परवाना परवडला नाही, म्हणून पुतण्याने 'बटवांची वाट' नावाची दुसरी फेरी घेतली. बटवा हे या जंगलाचे मूळ रहिवासी. अंगाने बुटके, शिकार, मध आणि कंदमुळांवर जगणारे. १९९१ साली मगाहिंगा राष्ट्रीय उद्यान जाहीर झाले आणि त्यांना जंगलाबाहेर काढले. ज्या शेतकऱ्यांची आत शेते होती त्यांना थोडीफार भरपाई मिळाली. बटवांच्या नावावर सातबारा कुठला? ते नांगरत नव्हते, कुंपण घालत नव्हते. म्हणून कायद्याच्या डोळ्यांना ते तिथे दिसलेच नाहीत. त्यांच्या पदरात जवळजवळ काहीच पडले नाही.

आमच्या पुढे चालणारा बटवा पन्नाशीचा असेल. तो त्यांच्या भाषेत बोले, दुसरा मुलगा इंग्रजीत सांगे आणि पुतण्या आम्हाला मराठीत. तीन भाषांतून यायला वेळ लागे, पण त्याचे हात आधीच सारे सांगून मोकळे होत. दोन काटक्या घासून त्याने विस्तव केला. हे पान पोटदुखीवर, ही साल तापावर. मधमाश्या कुठल्या झाडात शिरतात हे कसे ओळखायचे ते दाखवले. धनुष्याने नेम धरला. मी त्याला विचारायला लावले, "तुम्ही गोरिला मारत होता का?" तो हसला. म्हणाला, "कधीच नाही. तो आमच्यासारखाच जंगलातला."

माझ्या मनाला टोचलेली गोष्ट पुढे आहे. या माणसाला परवानगीवाचून या जंगलात पाऊल टाकता येत नाही. मध काढता येत नाही, औषधाचे मूळ उपटता येत नाही. पाहुण्यांना वाट दाखवायला मात्र येता येते. म्हणजे स्वतःच्या आजोबांच्या घरात तो नोकर म्हणून येतो, आपले जुने जगणे करून दाखवतो आणि संध्याकाळी भिंतीबाहेर जातो.

फेरीच्या शेवटी गरामा नावाची गुहा लागते. लाव्हा वाहून गेल्यावर मागे राहिलेली पोकळी ती. बटवांचा मुखिया इथे बसे, लढाईच्या वेळी बायका-पोरे इथे लपत. आत मिट्ट काळोख. आम्ही बॅटरीच्या उजेडात उभे राहिलो आणि अंधारातून बायकांचे गाणे सुरू झाले. शब्द कळत नव्हते. नाच होता, टाळ्या होत्या, पण सूर रडवेला होता. सौ.ने माझा हात धरला. बाहेर आल्यावर बराच वेळ ती काही बोलली नाही.

वेगळा पेला

गुहेबाहेर दगडावर बसून बोलणे झाले. युगांडात बटवा सहा हजारांच्या आसपास. जंगल गेले तेव्हा जमीन मिळाली नाही, म्हणून पुष्कळजण दुसऱ्यांच्या शेताच्या कडेला पालापाचोळ्याची खोपटी करून राहू लागले. दिवसभर राबायचे आणि मजुरी म्हणून बटाटे घ्यायचे. मालक म्हणेल त्या दिवशी खोपटे मोडायचे. काही संस्थांनी थोड्या कुटुंबांना जमीन विकत घेऊन दिली, पण ती सगळ्यांना पुरली नाही. उद्यानाच्या प्रवेश फीतला २० टक्के वाटा कायद्याने भोवतालच्या गावांना जातो खरा, पण ज्याच्या नावावर घर नाही आणि ज्याचा माणूस पंचायतीत नाही, त्याच्या पानात तो कितीसा पडणार?

नंतर त्याने जे सांगितले ते ऐकून मी सरसावून बसलो. शेजारचे लोक बटवांबरोबर एका पंगतीला बसत नसत. एका भांड्यातून पीत नसत, त्यांना पेला वेगळा. लग्नसंबंधाचे तर नावच नको. कित्येक ठिकाणी सगळ्यांच्या पाण्यावर त्यांना येऊ देत नसत. आता फरक पडतो आहे, पण सगळा गेला नाही.

वाचकहो, आठ हजार फुटांवर, परक्या मुलखात, परक्या भाषेत मी आपल्याच आजोबांची गोष्ट ऐकत होतो. तिथे वेद नाहीत, मनुस्मृती नाही, आणि तरी पेला वेगळा! त्याने मला विचारले, "तुमच्या देशात अशी माणसे आहेत का?" मी पुतण्याला म्हणालो, "सांग त्याला, आम्हीच ती." पुतण्या क्षणभर गप्प झाला. मग त्याने सांगितले. म्हातारा माझ्या स्वेटरविना अंगाकडे, सौ.च्या चष्म्याकडे, पुतण्याच्या गाडीकडे पाहत राहिला. त्याला खरे वाटेना.

मग मी त्याला महाड सांगितले. २० मार्च १९२७ला बाबासाहेबांच्या मागोमाग हजारो माणसे एका तळ्यावर गेली आणि ओंजळीने पाणी प्याली. पाणी प्याल्याने आम्ही अमर होणार नव्हतो, पण आम्हीही माणसे आहोत हे त्या ओंजळीने ठरवून टाकले. एवढे तीन भाषांतून पोहोचायला दहा मिनिटे लागली. तो दोनदा म्हणाला, "पाणी. हं, पाणी."

त्यांची लढाई

बटवाही स्वस्थ बसलेले नाहीत. २००० साली त्यांनी स्वतःची संघटना उभी केली, 'युनायटेड ऑर्गनायझेशन फॉर बटवा डेव्हलपमेंट इन युगांडा'. मुलांना शाळेत घालणे, जमिनीची मागणी, बायकांची आरोग्यसेवा अशी कामे ती करते. २०१३ साली ते कोर्टात गेले. १९ ऑगस्ट २०२१ रोजी युगांडाच्या घटनात्मक न्यायालयाने त्यांच्या बाजूने निकाल दिला. भरपाई न देता हुसकावल्यामुळे बटवा समाज मागे फेकला गेला, तेव्हा त्यांना त्यातून वर काढण्याचे उपाय केले पाहिजेत, असे न्यायालयाने म्हटले. सरकार त्याविरुद्ध वरच्या कोर्टात गेले. कागदावरचा न्याय भाकरीपर्यंत यायला किती वेळ लागतो हे आपल्याला कोणी सांगायला नको. पण त्यांच्यातली मुले-मुली आता पदवीधर होऊ लागली आहेत. आम्हाला इंग्रजीत समजावून सांगणारा तो मुलगा शिकलेलाच होता.

कोणी म्हणेल, मग उद्यान नकोच काय? तसे मी म्हणत नाही. गोरिला वाचले याचा मला आनंद आहे. त्यांना न मारणारी माणसे बाहेर काढून ते वाचवावे लागले, हे मात्र पटत नाही. रानाची नीट माहिती ज्याला आहे, त्यालाच राखणदार केले असते तर? निदान विचारले तरी असते! भिंत बांधताना त्यांचे मत कोणी घेतले नाही, इथेच चूक झाली.

हा प्रश्न तिकडचाच आहे असेही समजू नका. बोरिवलीच्या उद्यानात वारली पाडे आहेत, मेळघाटात कोरकूंची गावे उठवली गेली. २००६ साली आपल्याकडे वनहक्क कायदा झाला, तरी दाव्यांचे कागद घेऊन माणसे कचेऱ्यांचे उंबरे झिजवतातच. मुलांना घेऊन सुट्टीत वाघ-बिबटे पाहायला जाल तेव्हा तिथल्या माणसाला एवढे जरूर विचारा, "दादा, तुमचे मूळ गाव कुठले?" त्याचे उत्तर कोणत्याही माहितीफलकावर सापडणार नाही.

निघताना सौ.ने पिशवीतून शेंगदाण्याच्या चटणीची बरणी काढून त्या म्हाताऱ्याला दिली. त्याने बोटाने चाखली, डोळे मिटले आणि बरणी आमच्यापुढे धरली. आम्ही तिघांनी त्याच बरणीत बोट घातले. मग तो आपल्या माणसांकडे वळून मोठ्याने काही बोलला आणि सगळे हसले. पुतण्याने विचारले, तर तो मुलगा म्हणाला, "ते म्हणतात, तिखट आहे, पण एकाच भांड्यातले आहे."