टाक्यांची खूण जाईल का?

ऑपरेशन पार पडलं, टाके निघाले की घरात पुढचा प्रश्न ठरलेला, 'खूण राहणार का हो?' सिझेरियन असो, अपेंडिक्स असो नाहीतर थायरॉइड. डॉक्टर म्हणतात, 'होईल हळूहळू पुसट.' आणि आपण मोबाइलवर क्रीम शोधायला लागतो. पैसे घालवण्याआधी संशोधन कुठवर आलंय ते तरी बघा.

व्रण म्हणजे शरीराने घाईघाईत लावलेलं ठिगळ. जखमेतून जंतू शिरू नयेत म्हणून फायब्रोब्लास्ट नावाच्या पेशी भराभर कोलॅजनचे धागे टाकून जागा बुजवतात. तिथे ना केस येतात, ना घामाच्या ग्रंथी. गंमत अशी की आईच्या पोटात साधारण सहाव्या महिन्यापर्यंत बाळाच्या त्वचेला जखम झाली, तर ती व्रणाशिवाय भरते! मग जन्मानंतर असं काय बदलतं? अमेरिकेतले सर्जन मायकल लाँगेकर १९८७ पासून या प्रश्नामागे आहेत.

स्टॅनफर्ड विद्यापीठातल्या त्यांच्या टीमला एक मोठा धागा सापडला, तो म्हणजे ताण. जखमेच्या कडा ओढल्या जातात, पेशींना तो ताण जाणवतो आणि त्या व्रण बनवायच्या कामाला लागतात. डोळ्यांच्या आजारात वापरलं जाणारं व्हर्टेपोर्फिन हे औषध ताणाचा हा निरोप अडवतं. ते उंदरांच्या जखमेत टोचल्यावर ३० दिवसांत केस आणि ग्रंथींसकट नवी त्वचा आली. हे २०२१ मध्ये 'सायन्स'मध्ये छापून आलं.

पण उंदराची कातडी सैल असते, आपली घट्ट. शिवाय या क्षेत्राने आधी एकदा चांगलाच चटका खाल्लाय. मँचेस्टरच्या रेनोव्हो कंपनीचं जुव्हिस्टा हे औषध माणसांवरच्या सुरुवातीच्या चाचण्यांत छान चाललं होतं, २०११ मध्ये शेवटच्या मोठ्या चाचणीत ते नापास झालं. त्यामुळे 'व्रण शंभर टक्के गायब' असं लिहिलेली ट्यूब दिसली, तर माझ्या मते सरळ पुढे स्क्रोल करा.

ताणाची गोष्ट मात्र आजही कामाला येते. जखम पूर्ण भरल्यावर डॉक्टरांना विचारून कागदी चिकटपट्टी किंवा सिलिकॉनची पट्टी लावता येते. सिलिकॉन दिवसाचे बरेच तास आणि दोन-तीन महिने तरी लावावं लागतं, चार दिवसांत कंटाळून उपयोग नाही. जड बादल्या उचलणं, पोटाला ताण देणारा व्यायाम डॉक्टर सांगतील तेव्हाच. ताज्या व्रणावर ऊन लागलं तर तो काळपट पडतो, म्हणून झाका किंवा सनस्क्रीन लावा. ओल्या टाक्यांवर हळद, टूथपेस्ट असलं काहीही नको.

काहींचा व्रण जखमेच्या बाहेर पसरत, फुगत जातो. त्याला केलॉइड म्हणतात. सावळ्या त्वचेत तो जास्त दिसतो, विशेषतः छाती, खांदे आणि कानाच्या पाळीवर. कान टोचल्यावर तुम्हाला किंवा घरात कुणाला अशी गाठ आली असेल, तर ते सर्जनना ऑपरेशनच्या आधीच सांगा.