स्पर्श शीत, वीर्य उष्ण

पुदिन्याची गोळी हा आम्हा वैद्यांना क्षुल्लक विषय वाटू नये. फ्रान्समध्ये विशी येथील झऱ्यांचे क्षार घालून पुदिन्याच्या स्वादाच्या वड्या १८२५ मध्ये प्रथम तयार झाल्या. इंग्लंडमधील फ्लीटवूड बंदरात जेम्स लॉफ्टहाउस या औषधविक्रेत्याने १८६५ मध्ये खोल समुद्रात जाणाऱ्या कोळ्यांसाठी ‘फिशरमन्स फ्रेंड’ हा योग सिद्ध केला. त्याच्या मूळ प्रकारातील मेन्थॉल, निलगिरी, ज्येष्ठमध आणि मिरची यांचा मेळ आजही जिव्हेस चकित करतो. अशा गोळ्या जिज्ञासेने अवश्य चाखाव्यात.

मात्र चाखताना वैद्यदृष्टी सोडू नये. मेन्थॉलमुळे मुखाची उष्णता घटत नाही. थंडी ओळखणारा टीआरपीएम-८ हा संवेदक तेवढा उद्दीपित होतो. अर्वाचीन द्रव्यगुणग्रंथ पुदिन्यास कटुरसात्मक व उष्णवीर्य मानतात. म्हणजे स्पर्श शीत आणि वीर्य उष्ण!

अम्लपित्ताचे रुग्ण मात्र ‘थंड आहे’ या समजुतीने दिवसभर पेपरमिंट चघळतात. त्यामुळे अन्ननलिकेचे खालचे द्वार शिथिल होऊन जळजळ वाढू शकते. आहार-विहाराची चौकशी करताना आपण पोळी, भात, चहा विचारतो. खिशातील गोळी विचारत नाही. ही उणीव दूर व्हावी, असे आमचे स्पष्ट मत आहे. नव्या स्वादाचे कौतुक जरूर करावे. पण जिव्हेला जाणवलेल्या थंडाव्यावरून द्रव्याचे वीर्य ठरवू नये.