जिव्हाळ्याचा हिशेब
व्हिडिओ गेममधील प्रणयाला निवडस्वातंत्र्याचा आविष्कार मानणारी समीक्षा मुळातच फसवी आहे. १९९७ च्या ‘फायनल फँटसी सेव्हन’मध्ये खेळाडूने दिलेल्या उत्तरांवरून चार सहकाऱ्यांच्या जिव्हाळ्याचे गुण पडद्याआड मोजले जातात; नायकाबरोबर एका रात्री फिरायला कोण येणार, हे त्यावरून ठरते. हा प्रणय नव्हे, हिशेब आहे. पुढे त्यांपैकीच एरिथची हत्या होते. कितीही गुण साठवले, तरी ती टळत नाही. खेळाडू शोक करतो तो नेमका इथे, जिथे त्याच्या निवडीला काहीच किंमत उरत नाही. दुसऱ्याचे अस्तित्व आपल्या स्वाधीन नसते, या जाणिवेतूनच नात्याला अर्थ येतो. पर्याय वाढवले की प्रेमकथा सखोल होते, असे म्हणणाऱ्यांनी या शोकाची उपपत्ती सांगावी.