इमारत अचानक पडत नाही

पावसाळा तोंडावर आला की म्हाडा मुंबईतल्या अतिधोकादायक उपकरप्राप्त इमारतींची यादी जाहीर करते. यादीत नाव आलं की घराघरांत एकच प्रश्न सुरू होतो: जायचं की थांबायचं? आपल्या मोहल्ल्यांना हा प्रश्न नवा नाही. ३१ ऑगस्ट २०१७ रोजी भेंडी बाजारातली हुसैनी इमारत कोसळली, ३३ जीव गेले. ती २०११ मध्येच धोकादायक ठरली होती. इशारा सहा वर्षं आधीच मिळाला होता. मग माणसं आत का होती?

आधी शास्त्र काय सांगतं ते पाहू. जुन्या चाळीत लाकडी तुळया आणि भिंती पाण्याने, वाळवीने कमजोर होतात. आरसीसी इमारतीत दुखणं सळईचं असतं. नवं काँक्रीट अल्कधर्मी असल्याने सळई गंजत नाही. पण हवेतला कार्बन डायऑक्साइड हळूहळू आत शिरतो आणि हे संरक्षण संपवतो. किनाऱ्यालगत खाऱ्या हवेमुळेही तेच होतं. कार्बन डायऑक्साइडचा शिरकाव साधारण काळाच्या वर्गमुळाच्या प्रमाणात वाढतो. दहा वर्षांत दहा मिलिमीटर, तर चाळीस वर्षांत वीस. सळईवर काँक्रीटचा थर किती जाड आहे हे कळलं, की गंज कधी सुरू होईल याचा अंदाज बांधता येतो. गंज मूळ लोखंडापेक्षा दुपटीहून जास्त जागा घेतो आणि काँक्रीट आतून फोडतो. म्हणून सळईच्या रेषेत भेग पडते, छताचे पापुद्रे गळतात. आपण त्यावर प्लास्टर मारून रंग देतो. दुखणं आतच राहतं.

पण अंदाज मोजमापाइतकाच खरा असतो. १४ मार्च २०१९ रोजी सीएसएमटीजवळचा हिमालय पूल पडला. त्याच्या ऑडिटमध्ये फक्त किरकोळ दुरुस्ती सुचवली होती. नुसतं डोळ्यांनी पाहून केलेलं ऑडिट म्हणजे नाडी न बघता दिलेलं औषध. आणि वयावरही भरवसा ठेवू नये. कायद्याने ३० वर्षांनंतर ऑडिट सक्तीचं आहे, पण महाडची तारिक गार्डन इमारत २४ ऑगस्ट २०२० रोजी पडली तेव्हा ती दहा वर्षांचीही नव्हती. १६ जण गेले. बांधकामच कच्चं असेल तर कुठलंही गणित उपयोगाचं नाही.

आता पहिल्या प्रश्नाकडे येऊ. लोक अडाणी आहेत म्हणून थांबत नाहीत. घर एकदा सोडलं की परत मिळेल का, संक्रमण शिबिरात आयुष्य जाईल का, मुलांची शाळा आणि अब्बांचं दुकान लांब पडेल का, ही भीती असते. ती खोटी नाही. काही मालक धोक्याचा शिक्का भाडेकरूंना हुसकावायला वापरतात, हेही आपण पाहतो. पण इमारत पालिकेने पाडली म्हणून भाडेकरूचा हक्क संपत नाही, हे सर्वोच्च न्यायालयाने २०१४ मध्ये स्पष्ट केलं आहे. ही गोष्ट घराघरांत पोहोचली तर निर्णय सोपा होईल.

म्हणून आपण तीन गोष्टी करूया. ऑडिटचा अहवाल मागून घ्या. त्यात अल्ट्रासोनिक, हाफ-सेल आणि कार्बोनेशन चाचण्यांचे आकडे आहेत का, कुठल्या पिलरवर केल्या, हे विचारा. 'सी-१' म्हणजे रिकामी करून पाडायची इमारत. त्या शिक्क्यावर शंका असेल आणि दोन अहवाल जुळत नसतील, तर पालिकेच्या तांत्रिक सल्लागार समितीकडे जा. आणि बाहेर पडण्याआधी आपल्या खोलीचं क्षेत्रफळ मोजून पालिकेकडून लेखी घ्या, भाडेपावत्या जपून ठेवा.

सरकारकडेही एक मागणी आहे: नोटीस देताना पर्यायी घराचा कागदही सोबत द्या. जाण्याची जागा दिसली, तर पावसाच्या पहिल्या सरीआधीच लोक स्वतःहून खाली उतरतील.