पत्ता

यंदा अंकासाठी आलेल्या बऱ्याच कथांत तृतीयपंथी पात्र होतं. बहुतेक ठिकाणी ते सिग्नलला किंवा लोकलच्या डब्यात भेटतं, नायकाला आशीर्वाद देतं आणि कथेतून निघून जातं. ते राहतं कुठे, भाडं किती भरतं, हे विचारावंसं एकाही लेखकाला वाटलं नाही. व्यासपीठांवरही वर्षभर तेच पाहिलं आणि संताप येत राहिला. नवरात्रात शाल-श्रीफळ, महिलादिनी दीपप्रज्वलन, की झालं! अशाच एका कार्यक्रमात पाहुण्या म्हणून आलेल्या तृतीयपंथी बाई हार काढून ठेवताना मला हळूच म्हणाल्या, "ताई, ओळखीत कुठे खोली आहे का? डिपॉझिट देते, पण करार करून देणारं कुणी पाहिजे."

खोलीइतकीच त्यांना कराराची निकड होती, कारण करार म्हणजे पत्त्याचा पुरावा. आपली लिंगओळख ज्याची त्याने ठरवावी, त्यासाठी शस्त्रक्रियेची सक्ती नको, असं सर्वोच्च न्यायालयाने 15 एप्रिल 2014 रोजी राष्ट्रीय विधी सेवा प्राधिकरणाच्या (नालसा) खटल्यात सांगितलं. पुढे तृतीयपंथी व्यक्तींच्या हक्कांच्या संरक्षणासाठी 2019 चा कायदा झाला. त्यात ओळखीचं प्रमाणपत्र जिल्हाधिकाऱ्यांकडून घ्यायचं ठरलं आणि 2020 च्या नियमांनी त्या जिल्ह्यात सलग बारा महिने वास्तव्याची अट घातली. आपल्याकडे भाडेकरार बहुधा अकरा महिन्यांचा, आणि यांना तोही मिळत नाही. सोसायटीतून तक्रार आली की चौथ्या महिन्यात सामान रस्त्यावर. विशीच्या आत घरातून हाकललेल्या, शाळेच्या दाखल्यावर जुनंच नाव असलेल्या माणसाने बारा महिने दाखवायचे कशाच्या आधारावर?

नालसा निकालाने शिक्षणात आणि नोकरीत आरक्षण द्यायला सांगितलं होतं. 2019 च्या कायद्यात त्याचा उल्लेखही नाही. कर्नाटकने 2021 मध्ये सरकारी नोकऱ्यांत एक टक्का समांतर आरक्षण दिलं. महाराष्ट्रात पोलीस भरतीच्या अर्जात तिसरा पर्याय हवा, एवढ्यासाठी 2022 मध्ये महाराष्ट्र प्रशासकीय न्यायाधिकरण (मॅट) गाठावं लागलं, आणि मॅटच्या आदेशाविरुद्ध सरकारच हायकोर्टात गेलं. फुले-शाहू-आंबेडकरांचं नाव घेणाऱ्या राज्याला हे शोभत नाही.

लोक तयार नाहीत, ही सबबही मला पटत नाही. जळगाव जिल्ह्यातल्या भादली बुद्रुकमध्ये तृतीयपंथी उमेदवार अंजली पाटील यांनी महिलांसाठीच्या जागेवर भरलेला ग्रामपंचायतीचा अर्ज फेटाळला गेला. जानेवारी 2021 मध्ये हायकोर्टाच्या औरंगाबाद खंडपीठाने तो स्वीकारायला लावला आणि गावाने त्यांना निवडून दिलं. मतदारांची हरकत नव्हतीच.

 या अंकासाठी 'पत्ता' हा विषय ठरवला तेव्हा आमच्या डोळ्यांसमोर पाडलेले वाडे आणि स्थलांतरं होती. त्यावरचे लेख उत्तम आहेत, जरूर वाचा. पण आमच्या वाचकांत सोसायट्यांचे अध्यक्ष आहेत, सचिव आहेत, दुसरा फ्लॅट भाड्याने देणारेही आहेत. त्यांच्याकडे हक्काने मागते आहे: येत्या वार्षिक सभेत हा विषय घ्या. तृतीयपंथी भाडेकरूला रीतसर नोंदणी केलेला करार करून द्या, आणि अकरा महिने संपले की तो पुन्हा करा.