मृत्युपत्र केले, मन सांगितले का?



आपले लोक जमिनीच्या बाबतीत सावध असतात. पाणीगेटच्या बाजारात भाजी विकून घरी परतणारा शेतकरीही सातबारा, आठ-अ आणि सोसायटीच्या कर्जाची पावती पेटीत जपून ठेवतो. वय झाले की मृत्युपत्रही करतो. पण मृत्युपत्र उघडते ते आपण गेल्यावर. त्याआधी श्वास चालू आहे पण बोलता येत नाही, असे दिवस आले तर काय करावे, याविषयी पेटीत एक ओळही नसते.

आमच्या धर्मग्रामातील एका वृद्धाला पक्षाघात झाला. शुद्धीवर येण्याची आशा नाही, असे डॉक्टरांनी सांगितले. थोरला म्हणाला, मशीन चालू ठेवा. धाकटा म्हणाला, बाबांना घरी न्या. दोघांचेही बापावर प्रेम होते. मी रुग्णाभ्यंग दिला. परंतु बाबांना काय हवे होते, हे मलाही ठाऊक नव्हते. एकोणीस दिवसांनी बाबा गेले. दोन बिघे जमीन गहाण पडली, आणि ते भाऊ आजही मिस्सेला एका बाकावर बसत नाहीत.

मुंबईच्या के. ई. एम. रुग्णालयातील परिचारिका अरुणा शानबाग आपल्याला ठाऊक आहेत. नोव्हेंबर १९७३ मधील हल्ल्यानंतर त्या मे २०१५ पर्यंत अंथरुणावर होत्या. सहकारी परिचारिकांनी त्यांची मायेने सेवा केली. त्यांचा प्रश्न सर्वोच्च न्यायालयात गेला, २०११ साली निकाल लागला; पण खुद्द अरुणाताईंचे मन विचारण्याची सोय कोणालाच नव्हती. पुढे ९ मार्च २०१८ रोजी न्यायालयाने प्रौढ व्यक्तीला आपली इच्छा आधीच लिहून ठेवण्याचा हक्क मान्य केला. यालाच लिव्हिंग विल म्हणतात.

२०२३ पासून त्याची रीत सोपी झाली आहे. दोन साक्षीदारांसमोर सही करून नोटरी किंवा राजपत्रित अधिकाऱ्याकडून कागद साक्षांकित करायचा. आपल्या वतीने कोणी बोलावे, त्याचे नाव लिहायचे. प्रत घरच्यांना, नेहमीच्या डॉक्टरांना आणि महानगरपालिका वा पंचायतीने नेमलेल्या अधिकाऱ्याला द्यायची. मन बदलले तर कागद केव्हाही लेखी रद्द करता येतो. पुढे वेळ आलीच, तर डॉक्टरांची दोन मंडळे तपासून निर्णय घेतात.

हे पाप तर नाही ना, असे पुष्कळजण विचारतात. पोप पायस बारावे यांनी १९५७ सालीच सांगितले की, साधे उपचार घेणे कर्तव्य आहे. असाधारण, अतिभारी उपचार घेण्याची सक्ती नाही. १९८० साली रोमने हेच पुन्हा स्पष्ट केले. मरण यावे म्हणून सुई टोचणे ही हत्याच. तिला धर्मसभेची आणि कायद्याचीही मनाई आहे. अन्नपाणी, स्वच्छता, वेदनाशमन ही सेवा मात्र चालूच राहिली पाहिजे.

माझे स्पष्ट मत असे की, हा कागद मुलांवरील प्रेमाचे कृत्य आहे. मात्र एक इशारा देतो. खर्च वाचावा म्हणून मुलांनी म्हाताऱ्यांकडून सही घेऊ नये. बरे होण्याची आशा आहे तेथे उपचार झालेच पाहिजेत; म्हातारपण हा काही असाध्य रोग नव्हे.

कागदासोबत एक वहीही लिहा. तोंडी दिलेले-घेतलेले पैसे, बांधाची खूण कोठे, विहिरीच्या पाण्याची पाळी कोणाची, हे तुमच्याखेरीज कोणाला माहीत आहे? नेत्रदान करायचे असेल तर तसे घरात सांगून ठेवा, कारण डोळे सहा तासांच्या आत काढावे लागतात. दफन कोठे व्हावे आणि कोणाची क्षमा मागायची राहिली आहे, तेही लिहा. क्षमा मात्र लिहून थांबू नका, जाऊन मागा.

अशा गोष्टी बोलणे अशुभ, असे समजू नका. पेरणीआधी पाऊस आला नाही तर काय करायचे, हे आपण बोलतोच ना? येत्या रविवारी जेवण झाल्यावर मुलांना जवळ बसवा, सुनांनाही बोलवा. मी माझा कागद केला आहे. प्रत माझ्या बहिणीकडे आहे. ती आधी रडली, मग म्हणाली, ''बरे झाले सांगितलेस.''