उचल न घेता

दिवाळी झाली की भिवंडीच्या आसपासच्या वीटभट्ट्यांवर माणसं उतरू लागतात. जव्हार, मोखाडा, विक्रमगडकडून टेम्पो येतात. त्यात हंडे, गोधड्या, कोंबड्या आणि शाळा सुटलेली पोरं. मी भिवंडीचाच. हे सगळं लहानपणापासून पाहत आलो, पण यांच्या गावात मागे कोण राहतं हे कधी विचारलं नव्हतं. या जानेवारीत एका शिक्षक मित्राबरोबर मोखाडा तालुक्यातल्या पोशेऱ्याला गेलो, तेव्हा ते थोडं कळलं. त्याआधी स्वतःबद्दल सांगतो, कारण विषय माझ्याही पोटापाण्याचा आहे.

गेली आठ वर्षं मी घरी बसून ऑनलाइन भाषांतराचं काम करतो. याचे फायदे मी नाकारणार नाही. अब्बांनी उभा जन्म यंत्रमागावर बारा-बारा तासांच्या पाळ्या केल्या. रमजानमध्ये मागाशेजारी उभ्या उभ्या खजूर तोंडात टाकून रोजा सोडायचे, आणि जुम्याची नमाज पाळी कोणती आहे त्यावर ठरायची. मी सहरीनंतर शांतपणे तीन तास काम करतो, जोहरनंतर झोपतो. जुम्याला कुणाची परवानगी लागत नाही. मुलीला शाळेतून आणायला मी जातो. अब्बांना दवाखान्यात न्यायचं असलं तर लॅपटॉप बंद करतो आणि निघतो. त्यांना अजून वाटतं की मला नोकरी मिळाली नाही म्हणून मी घरी आहे. असो.

पण "स्वतःचा मालक स्वतः" हे वाक्य ऐकलं की मला थोडं थांबावंसं वाटतं. आपल्या समाजाला स्वयंरोजगार कुणी शिकवायला नको. २००६ च्या सच्चर समितीच्या अहवालात ते आलंच आहे: मुसलमान पगारी नोकरीत कमी आणि स्वयंरोजगारात जास्त. गॅरेज, शिलाई, बेकरी, हातगाडी. बायका तर घरबसल्या काम करण्यात दोन पिढ्या पुढे आहेत. सोलापुरात विड्या वळणारी बाई घरातच असते, तिच्या डोक्यावर घड्याळ नसतं, साहेब नसतो. तरी तिला मोकळी म्हणायला कुणाची जीभ रेटणार नाही, कारण हजार विड्यांमागे किती मिळणार आणि त्यातल्या किती खराब म्हणून बाजूला काढल्या जाणार, हे ती ठरवत नाही.

माझंही एकदा तसंच झालं. जवळजवळ सगळी कमाई एकाच कंपनीकडून यायची. दर शब्दामागे ठरलेला. एके दिवशी त्यांनी तो निम्म्यावर आणला, विचारलंही नाही. मी नाही म्हणू शकलो नाही, कारण दुसरं काम हातात नव्हतं. वर कामावर आहे की नाही हे पाहायला माझ्या स्क्रीनचे फोटो निघायचे. घर माझं, खुर्ची माझी, वीजबिल माझं, आणि दिवस त्यांचा. भविष्य निर्वाह निधी नाही, आजारपणाची रजा नाही. पगारी बाईला कायद्याने मिळणारी २६ आठवड्यांची बाळंतपणाची रजा घरबसल्या डिझाइन करणाऱ्या माझ्या बहिणीला कोण देणार? तेव्हापासून मी एक नियम केला: कोणत्याही एका गिऱ्हाइकाचं काम एकूण कामाच्या तिसऱ्या हिश्श्याच्या वर जाऊ द्यायचं नाही. कमाई थोडी घटली, पण झोप परत आली.

आता पोशेरा. तिथे मित्राने मला वीटभट्टीचं गणित समजावून सांगितलं. पावसाळ्यात घरातलं धान्य सरत आलं, कुणी आजारी पडलं, लग्न निघालं, की हातात उचल येते. नवरा-बायकोची जोडी त्या पैशांत बांधली जाते. मजुरी हजार विटांमागे. भट्टीवर आठवड्याला खर्ची मिळते आणि हिशेब हंगामाच्या शेवटी होतो. उचल फिटली नाही तर पुढच्या दिवाळीला पुन्हा तीच भट्टी. वेठबिगारी १९७६ च्या कायद्याने बंद झाली, तरी त्यानंतर १९८२ साली वसई भागात उभ्या राहिलेल्या श्रमजीवी संघटनेला तिच्याविरुद्धच लढावं लागलं.

याच गावात मित्राचा एक जुना विद्यार्थी भेटला. वारली चित्रं काढतो. आई-बाबा भट्टीवर गेलेले. तो गेला नाही. व्हॉट्सॲपवर चित्रांचे फोटो टाकतो, पैसे फोनवर येतात, चित्र गुंडाळून पोस्टाने जातं. कमाई फार नाही, काही महिने काहीच नाही. पण तो मागे राहिला म्हणून दोन धाकट्या बहिणी आजीजवळ राहिल्या आणि त्यांची शाळा चालू राहिली. ऑनलाइन कामाचा याहून मोठा फायदा मला तरी माहीत नाही. शहरातले लोक कुठेही जाता येतं म्हणून या कामाचं कौतुक करतात. त्याला कुठेही जावं लागत नाही.

वारली चित्रांना २०१४ साली भौगोलिक मानांकन मिळालं. नाव जपलं गेलं हे चांगलंच, पण भाव मानांकनाने मिळत नाही. तो आधी शहरातल्या एका दुकानाला चित्रं द्यायचा, नगावर. एकदा दादरला त्याच आकाराच्या चित्रावरची किंमत पाहिली आणि मग स्वतःचा नंबर चित्रामागे लिहायला लागला. संगणकाचे वर्ग खूप निघतात, टायपिंग शिकवतात. दर कसा लावायचा, बिल कसं करायचं, अर्धे पैसे आधी कसे मागायचे, हे कुठल्याच वर्गात शिकवत नाहीत. माझ्या मते पहिला धडा तोच हवा. आणि रेंज हवी. डोंगराळ भागात ती रस्त्याइतकीच गरजेची झाली आहे, पण मागणी मात्र अजून रस्त्याचीच होते.

निघताना त्याने मला फोनवर एक निरोप दाखवला. एक व्यापारी दोनशे चित्रं मागत होता. वीस हजार लगेच देतो म्हणत होता, अट एकच: वर्षभर दुसऱ्या कुणाला विकायचं नाही, फोटोही टाकायचे नाहीत.

"दादा, काय करू?" त्याने विचारलं.

मी त्याला माझ्या कंपनीची गोष्ट सांगितली. निम्मी चित्रं घे म्हणालो, अट काढायला सांग. सांगायला सोपं होतं. माझ्या घरात त्या दिवशी तांदूळ होता. आजी बाजूला नाचणी पाखडत होती, ती काही बोलली नाही. त्याने फोन खिशात ठेवला. आई-बाबा होळीला येतील, त्यांना विचारून कळवतो म्हणाला.